ब्याऐंशीव्या मिनिटानंतर

३० ऑक्टोबर २०२२. दिवाळी नुकतीच सरली होती, फराळाचे डबे तळाला गेले होते आणि मी लेकीला घेऊन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची फायनल बघायला गेले होते. घरापासून चालत वीस मिनिटं. इतक्या जवळ विश्वचषकाची फायनल पुन्हा कधी होणार, म्हणून साडेचारचा तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही आम्ही सोडला नाही. नायजेरिया आणि जर्मनी ३-३, मग पेनल्टीवर नायजेरिया. लेकीने त्या एका सामन्यातच पैसे वसूल झाल्याचं जाहीर केलं. आठ वाजता स्पेन आणि कोलंबिया मैदानात उतरले.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळी कोचिंगला जायची आणि स्टॉपर खेळायची. पुढे खेळायची तिला फारशी हौस नव्हती. लहान असल्यापासून ती मागे उभी राहून सगळं मैदान न्याहाळायची. त्यामुळे आम्ही दोघींनी त्या रात्री चेंडूपेक्षा बचावफळीच जास्त बघितली. कोलंबियाच्या मागच्या चौघी सुरुवातीपासून मला आवडल्या. स्पेनचे पास तुम्हाला आपोआप जागेवरून हलवतात. ऐंशी मिनिटं या मुली जागेवरून हलल्या नाहीत.

ब्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला. झाला तो पलीकडच्या टोकाला. आम्ही बसलो होतो तिथून फक्त पायांची गर्दी दिसली आणि मग जाळं हललं. स्पॅनिश मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. लेकीने विचारलं, "आई, कुणी मारला?" मी स्क्रीनकडे बघितलं. आना मारिया गुझमान. कोलंबियाची. स्वयंगोल.

"म्हणजे तिनेच?"

"तिनेच."

लेकीच्या हातातला मक्याच्या दाण्यांचा कप तसाच राहिला. शेवटची शिट्टी वाजली आणि स्पेन १-० ने जिंकलं. आमच्या आजूबाजूचे लोक मोबाइल वर धरून आतषबाजी टिपत होते. कोलंबियाच्या मुली गवतावर बसल्या होत्या. इतक्या वरून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, त्यातली गुझमान कोणती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. परत येताना रस्ताभर लेक एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिली: तिला आता टीममध्ये ठेवतील का?

रात्री कोल्हापूरला फोन केला. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टीव्हीवर सामना बघितलाच असणार, याची खात्री होती. शिवाजी पेठेतला माणूस, शाहू स्टेडियमच्या पायरीवर आयुष्य गेलेला. नव्वदच्या दशकात मुलींना तिथे कुणी फारसं नेत नसे, पण आण्णा मला न्यायचे. पेठेच्या सामन्यांना शेंगदाण्याची पुडी हातात घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलेली असायची. तिथेच त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेलं एक वाक्य माझ्या कायमचं लक्षात आहे: "बॅकवाल्याचं नाव चुकल्यावरच घेत्यात बघ. गोल मारला की पुढच्याचं नाव, बसला की मागच्याचं."

त्या रात्री फोनवर ते आधी काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "कोलंबियाची हाय नव्हं ती पोरगी?"

ते कुणाबद्दल विचार करत होते ते मला कळलं. १९९४ चा विश्वचषक. २२ जूनला अमेरिकेविरुद्ध पासाडेनात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबारने घसरत जाऊन क्रॉस अडवायला पाय घातला आणि चेंडू त्याच्याच गोलमध्ये गेला. कोलंबिया २-१ हरली आणि पुढे स्पर्धेतून बाहेर पडली. एस्कोबार मायदेशी परतला. आयुष्य इथेच संपत नाही, असं त्याने तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलंही. २ जुलैला मेडेलिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. वय २७. आण्णांनी ती बातमी पेपरात वाचली तेव्हा मी शाळेत होते. पेपर घडी करून त्यांनी दिवाणाखाली ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत. ते स्वतः तालमीच्या टीममध्ये बॅकला खेळलेले होते.

म्हणून कोलंबियन बचावपटूचा स्वयंगोल म्हटलं की आमच्या घरात एक जुनी भीती अजून जागी होते. अर्थात २०२२ चं कोलंबिया म्हणजे १९९४ चं नव्हे. आणि या मुलींनी जे केलं होतं ते आधी कुणालाच जमलं नव्हतं. त्यांच्या देशाचा कुठलाही संघ, मुलांचा असो वा मुलींचा, कुठल्याही वयोगटाचा, फिफाच्या विश्वचषकाच्या फायनलपर्यंत तोवर पोचलाच नव्हता. गटातल्या पहिल्याच सामन्यात स्पेननेच त्यांना १-० हरवलं होतं. तिथून त्या उठल्या. मडगावला फातोर्डा स्टेडियमवर टांझानियाला ३-० हरवलं. मग तिथेच, आपल्याकडे भाऊबीज होती त्या दिवशी, नायजेरियाविरुद्धची सेमीफायनल गोलशून्य राहिली आणि त्यांनी ती पेनल्टीवर ६-५ अशी जिंकली. गोलशून्य बरोबरी लोकांना कंटाळवाणी वाटते. बॅकला खेळणाऱ्या मुलीला मात्र ती सगळ्यात मोठी कमाई वाटते. पण स्कोअरकार्डावर ही कमाई टिपायला जागा नसते. जागा आहे ती चुकीला. नाव, मिनिट आणि कंसात स्वयंगोलाची दोन अक्षरं, OG.

आता थोडं स्वयंगोलाबद्दल. त्या रात्रीचा नव्हे, एकूणच. ज्यांनी बॅकला खेळलेलं नाही त्यांना तो वेंधळेपणा वाटतो. समजा समोरची विंगर तुमच्या बाजूने गोलरेषेपर्यंत पोचली. तिथून तिने चेंडू जमिनीलगत, जोरात, गोलकीपर आणि तुमच्या मधल्या पट्ट्यात मारला. कीपरला पुढे यावं की नाही कळत नाही. तुम्ही आपल्याच गोलकडे तोंड करून जिवाच्या आकांताने पळताय. खांद्यामागे त्यांची स्ट्रायकर आहे. ती दिसत नाही, तिच्या धापेचा आवाज मात्र येतो. चेंडू सोडून दिला तर ती नुसता पाय लावेल आणि गोल. पाय घातला तर अंगाचा सगळा वेग गोलच्याच दिशेने आहे, कंबर जिकडे वळलेली तिकडे चेंडू जाणार. तो बाहेर काढायचा तर अर्ध्या पावलात कंबर फिरवावी लागते. यासाठी मिळतो अर्धा सेकंद, तोही पाय मोकळा असेल तर.

मला नेहमी वाटतं, स्वयंगोल बहुतेक वेळा वेळेवर पोचलेल्या मुलीच्या नावावर लागतो. जी चार पावलं मागे राहिली तिच्या पायाला चेंडू लागतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिचं नावही कुणी घेत नाही.

ही गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा तिने मान डोलावली. पण ऐकणं वेगळं आणि आपल्यावर येणं वेगळं. २०२३ च्या जुलैत ते तिच्यावर आलं. पावसाळी स्पर्धा होती, मैदानाचा अर्धा भाग चिखल. ०-० अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं. डावीकडून चेंडू आला, लेक वेळेवर पोचली, पायाच्या बाहेरच्या कडेला लागून चेंडू आतल्या खांबाला आपटला आणि रेषेपलीकडे गेला. मी छत्री धरून रेषेबाहेर उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मोज्यातला शिनगार्ड काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

त्यांच्या प्रशिक्षकांनी तिला पुढचे दोन सामने बाहेर बसवलं. ओरडले नाहीत. उलट फार प्रेमाने म्हणाले, "तिला थोडा आराम देऊ या, मनावर घेतलंय तिने." तेव्हा मला ते समजूतदारपणाचं वाटलं आणि मी मान्य केलं. आज त्या मान्य करण्याचं मला वाईट वाटतं. बाहेर बसलेले ते दोन सामने लेकीला चिखलातल्या गोलापेक्षा जास्त लागले. घरी येऊन ती म्हणाली, "मला काही झालेलं नाहीये आई. मला फक्त खेळू देत नाहीयेत."

याच दिवसांत मी आना गुझमानचं पुढे काय झालं ते शोधायला लागले.

ती जून २००५ ची. कोलंबियातल्या देपोर्तिवो परेरा या क्लबची. डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे खेळू शकणारी साइड बॅक. नवी मुंबईतल्या त्या रात्रीनंतर काही महिन्यांतच तिला कुणी घ्यावं? जर्मनीच्या बायर्न म्युनिकने. त्याच मोसमात जर्मन लीग जिंकलेल्या क्लबने. मी ते वाचलं आणि किती वेळ मोबाइल हातात धरून बसले. कारण बायर्नच्या लोकांना तो स्वयंगोल माहीत नव्हता असं होऊच शकत नाही. त्यांचं कामच ते आहे. त्यांनी बाकीची ब्याऐंशी मिनिटंही बघितली असतील, त्याआधीचे सामनेही. एका मुलीच्या पायाला लागून चेंडू कुठे गेला यापेक्षा ती तिथे पोचली कशी, हे ज्यांना दिसतं ते लोक वेगळे.

फिफाचा नियम असा की अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूला सहसा दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळता येत नाही. तिच्याच वयाची, त्याच संघातली लिंडा कायसेदो फेब्रुवारी २०२३ मध्ये अठरा पूर्ण होताच रेआल माद्रिदला गेली. लिंडा आघाडीची, गोल मारणारी, त्यामुळे तिच्याबद्दल जगभर लिहून आलं. गुझमान बॅकवाली. शिवाय बायर्नकडे उजव्या बॅकला जुलिया ग्विन. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची खेळाडू, अनुभवी, त्या जागेवर पाय रोवून उभी. अशा ठिकाणी अठराव्या वर्षी जायचं म्हणजे भाषा नवी, थंडी नवी, आणि रोजच्या सरावात शेजारी जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. साइड बॅकच्या जागा संघात दोनच असतात. बाकीच्यांनी वाट बघायची.

इथे मला आपल्या मुली आठवतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच विश्वचषकात भारताच्या मुली भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेविरुद्ध ०-८, मोरोक्कोविरुद्ध ०-३, ब्राझीलविरुद्ध ०-५. तीन सामन्यांत १६ गोल बसले, मारला एकही नाही. कॅप्टन होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उराँव. तीही बचावपटू. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता होतोय आणि तिचेच आई-वडील त्या रस्त्यावर मजुरीला आहेत, अशी बातमी तेव्हा आली होती. त्या १६ गोलांवर हसणारे मी पुष्कळ बघितले. पण त्यांच्यापैकी किती जणांनी विचारलं, की या मुली आता पुढचा सामना कधी खेळणार?

कोलंबियात बायकांची व्यावसायिक लीग २०१७ साली सुरू झाली. आपली इंडियन विमेन्स लीगही २०१७ सालीच सुरू झाली. एकाच वर्षी. कोलंबियातही सगळं गोड नव्हतं. लीग वर्षातले काही महिनेच चालायची, २०१९ साली राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी पैसे मिळत नाहीत म्हणून उघडपणे तक्रारी केल्या, लीगच बंद होते की काय अशी पाळी आली. तरी परेरासारख्या शहरातल्या मुलीला घरी परतल्यावर जायला एक क्लब होता. आपल्याकडे त्या विश्वचषकानंतरची लीग २०२३ च्या एप्रिल-मे मध्ये अहमदाबादला भरली आणि महिन्याभरात उरकली. होम-अवे पद्धत त्याच्या पुढच्या मोसमात आली. आठ गोल बसलेल्या संघाला दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मैदानावर उभं करणारी व्यवस्था नसेल, तर त्या आठ गोलांचं मुली काय करणार? ते गोल तसेच अंगावर वागवत बसायचे. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

८ ऑगस्ट २०२३, मंगळवार. मोठ्या बायकांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये चालू होता. मेलबर्नला कोलंबिया विरुद्ध जमैका, बाद फेरीचा सामना, आपल्याकडे दुपारचा दीड. ऑफिसात डबा समोर ठेवून मी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. संघाची यादी आली आणि त्यात तिचं नाव होतं. आना गुझमान, डाव्या बॅकला. नेरूळच्या रात्रीनंतर नऊ महिने आणि थोडे दिवस.

जमैकाने तोवर स्पर्धेत एकही गोल बसू दिला नव्हता. फ्रान्सशी ०-०, ब्राझीलशी ०-०, पनामावर १-०. भिंतच होती ती. पहिला हाफ कोराच गेला. एक्कावन्नाव्या मिनिटाला डावीकडे गुझमानकडे चेंडू आला. तिने मान वर केली. हे मी नंतर पुन्हापुन्हा बघितलंय. पलीकडच्या टोकाला कातालिना उस्मे धावत निघाली होती. कोलंबियासाठी सगळ्यात जास्त गोल मारलेली, तेहतीस वर्षांची कॅप्टन. गुझमानने चेंडू उचलून सगळ्या बचावफळीच्या डोक्यावरून लांबवर टाकला. उस्मेने तो डाव्या पायावर घेतला, एकदा बसवला आणि कीपरच्या बाजूने आत सारला. १-०. तोच निकाल राहिला. कोलंबिया बायकांच्या विश्वचषकात पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत पोचली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलवरच्या मॅडमनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, काही नाही, एका ओळखीच्या मुलीचं चांगलं झालं.

संध्याकाळी लेकीला तो क्रॉस दाखवला. तिने चार वेळा बघितला. गोल नव्हे, त्याच्या आधीचे दोन सेकंद. मग म्हणाली, "तिने मागे पास द्यायला हवा होता, तिच्या जागी मी असते तर मी मागेच दिला असता." थोडं थांबून: "चुकायचं नाही म्हणून." मी काही बोलले नाही. मला आतून कळत होतं की बाहेर बसवलेल्या दोन सामन्यांनी माझ्या मुलीला हे शिकवलंय. दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षकांना भेटले आणि म्हटलं, तिला आराम नको, सामना द्या. चूक झाली तर होऊ दे. ते बघतो म्हणाले, आणि पुढच्या रविवारच्या यादीत तिचं नाव खरोखरच घातलं.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी १२ ऑगस्टला, सिडनीत इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. आपल्याकडे चार वाजता. तो इंग्लंडने २-१ जिंकला, हे आधीच सांगून टाकते. लेसी सांतोसने कोलंबियाला पुढे नेलं होतं, मग हाफटाइमच्या तोंडावर कोलंबियाच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि लॉरेन हेम्पने बरोबरी केली. दुसऱ्या हाफमध्ये अलेसिया रुसोचा गोल. पंचाहत्तर हजारांवर माणसं स्टेडियममध्ये. पण आमच्या घरात त्या सामन्याची जी आठवण राहिली आहे ती या तिन्ही गोलांच्या आधीची.

पहिली दहाएक मिनिटं झाली होती. कोलंबियाची उजवी बॅक कारोलिना आरियास, तेहतीशीला आलेली अनुभवी खेळाडू, गवतावर बसली. पाय टेकवता येत नव्हता. या वेळी गुझमान पहिल्या अकरात नव्हती, बाकावर होती. प्रशिक्षक नेल्सन आबादिया यांच्यापुढे काही फार पर्याय असतील असं नाही, पण काहीतरी होतेच. विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, समोर युरोपची विजेती इंग्लंड, ऐंशी मिनिटं शिल्लक. आणि चारच दिवसांपूर्वी जिने डावीकडून क्रॉस टाकला तिला आता उजवीकडे खेळायचं होतं.

लेक सोफ्यावरून उतरून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. आण्णांचा फोन आला. त्यांनीही तेच बघितलं होतं. "पाठवत्यात काय तिला?" एवढंच विचारलं. मी फोन स्पीकरवर ठेवला. आरियासला आधार देऊन बाहेर आणत होते. रेषेजवळ बदलीचा फलक वर गेला.

"पाठवत्यात," लेक फोनकडे वळून आजोबांच्याच भाषेत म्हणाली. "गेली बघा आत."